पडद्यावरचा विश्वकोश, हातातले पुस्तक

(आपल्या मंडळाच्या मराठी शाळेच्या पालकसभेत केलेल्या भाषणाचा हा लिखित पाठ. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचे नाव ऐकूनच दोघातिघांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले. ‘विकिपीडियावरचे लेख छापून त्यांचे पुस्तक करताना येणाऱ्या अडचणी’. गाण्याच्या कार्यक्रमाला होते तशी गर्दी या विषयाला होणार नाही हे मला मान्य आहे. पण आपल्या शाळेत रविवारी येणाऱ्या मुलांच्या हातात वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे आणि हा विषय त्यातूनच निघाला आहे.

पहिला प्रश्न नेहमीचा. ‘अहो, सगळे नेटवर आहे, मग छापायचे कशाला?’ याला माझी तीन उत्तरे आहेत. एक म्हणजे आपली मुले मराठी बोलतात, निदान आजीशी तरी बोलतात, पण वाचताना अडखळतात. पडद्यावर अडखळले की दुसऱ्या सेकंदाला दुसरीकडे जाता येते. पुस्तकात तसे जाता येत नाही, बोट ठेवून तिथेच थांबावे लागते. दुसरे म्हणजे भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी आलेले आपले आईवडील. आपण कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर पाऊस आणि वारा. त्यांना मोठ्या अक्षरातले मराठी काही हातात हवे असते. मोबाइलवरचे बारीक अक्षर त्यांना नको असते. आणि तिसरे म्हणजे विमानाचे वजन! तेवीस किलोंत पापड, लोणची, मग पुस्तके किती आणणार? इथेच करता आली तर बरे.

विश्वकोश घराघरांत पोचवणे ही आपल्याकडची जुनी हौस आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. ही मंडळी कागदापासून सुरुवात करायची. पुढे हे कोश संगणकावर आले. विकिपीडियाचे उलटे आहे. तो जन्मालाच पडद्यावर आला, इंग्रजीत जानेवारी २००१ मध्ये आणि मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे बरोबर महाराष्ट्र दिनी. त्याला कागदावर आणायचे म्हणजे नदीला घागरीत बसवण्यासारखे आहे. वाहते पाणी आणि स्थिर पाणी यांचे गुण वेगळे. आपल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली मायकेल मँडिबर्ग या कलाकाराने इंग्रजी विकिपीडिया अख्खा छापायचा ठरवला तर काय होईल ते दाखवले होते. हिशेब निघाला ७,४७३ खंडांचा, प्रत्येक खंड सातशे पानांचा! प्रदर्शनात त्यातले थोडेच खंड छापून ठेवले होते, बाकीच्यांचे नुसते कणे भिंतीवर चिकटवले होते. आपल्याला एवढे नको. आपल्याला साठ-सत्तर पानांचे, मुलांच्या दप्तरात मावणारे पुस्तक हवे.

विकिपीडियावर पूर्वी याची आयती सोय होती. पीडियाप्रेस नावाच्या जर्मन कंपनीबरोबर विकिमीडिया फाउंडेशनने करार केला आणि २००९ च्या सुमारास ‘पुस्तक तयार करा’ ही सोय आली. हवे ते लेख टोपलीत टाकायचे, बटण दाबायचे की सगळ्यांची मिळून एक पीडीएफ. इंग्रजीसाठी छान चालायचे. देवनागरीची मात्र त्यात दैना व्हायची, कारण अक्षरे जुळवणाऱ्या त्या प्रोग्रामला जोडाक्षर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. २०१४ मध्ये त्याच्या जागी दुसरा प्रोग्राम आला. तो अक्षरे बरी मांडायचा, पण लेखातले तक्ते आणि माहितीचौकटी सरळ गाळून टाकायचा. २०१७ मध्ये तोही बंद झाला. आता एकेका लेखाची पीडीएफ उतरवता येते आणि ती चक्क ब्राउझरच्याच इंजिनाने तयार होते, त्यामुळे मराठी अक्षरे पुष्कळच नीट येतात. पण अनेक लेखांचे एक पुस्तक, त्याला अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक, हे सगळे आपले आपण करावे लागते. घरचे लाडू म्हटले की हात तुपाचे व्हायचेच!

आमच्या पुस्तकाचा विषय ठरायला वेळ लागला नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, आणि तमिळनाडूतली जिंजी. दिवाळीत आपली मुले मागच्या अंगणात मातीचा किल्ला करतातच. इथे दिवाळी वसंत ऋतूत येते, माती ओली असते, आणि इथल्या दुकानातली मोहरी पेरली तरी चार दिवसांत गड हिरवा होतो. मग या बारा किल्ल्यांची माहितीच त्यांच्या हातात का देऊ नये? मराठी विकिपीडियावर लेख सापडले, काही लांबलचक, काही चार ओळींचे. तिथून कामाला लागलो. आता वैद्यबुवांसारखे एकेक तक्रार घेऊ. लक्षण, कारण आणि उपाय.

तक्रार पहिली: वेलांटी पळाली

लक्षण असे की ‘शिवनेरी’ छापले जाते आणि मूल वाचते ‘शविनेरी’. ‘दुर्ग’मधला रफार डोक्यावरून उतरून पाय मोडलेल्या ‘र’च्या रूपात शेजारी उभा राहतो. कधी नुसते चौकोनी डबे येतात.

कारण समजून घ्यायला हवे. संगणकाच्या पोटात आपण उच्चारतो त्या क्रमाने अक्षरे साठवलेली असतात, आधी ‘श’, मग वेलांटी. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते. ही उलटापालट आणि जोडाक्षरांची जुळणी करणारा भाग प्रोग्राममध्ये नसेल किंवा बंद असेल तर वेलांटी जागच्या जागी, म्हणजे चुकीच्या जागी, उमटते.

आमच्या बाबतीत झाले काय, की आमची पीडीएफ स्वच्छ होती. छपाईच्या दुकानात, नाव कशाला घ्या, मजकूर पानावर जरासा सरकवावा म्हणून त्यांनी ती आपल्या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये उघडली. त्या प्रोग्रामला आमचा टंक मिळाला नाही, त्याने स्वतःचा घातला, आणि साल्हेरपासून जिंजीपर्यंत सगळ्या गडांच्या वेलांट्या पळाल्या. नमुना प्रत हातात आली म्हणून बचावलो.

उपाय चार. पीडीएफमध्ये टंक आतच भरलेला आहे ना ते पाहा. अक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सची यादी असते, तिथे प्रत्येक टंकापुढे ‘एम्बेडेड’ असे दिसले पाहिजे. दुकानदाराला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफच द्या, आणि ‘ही उघडून बदलू नका, आहे तशी छापा, बदल आम्ही करून देऊ’ असे लेखी सांगा. पुस्तकाची मांडणी इनडिझाइनमध्ये करणार असाल तर तिथे ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा, नाहीतर घरच्या घरी वेलांट्या पळतील. आणि पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवू नका. पीडीएफला अक्षरांची चित्रे नीट ठाऊक असतात, मूळ अक्षरे बऱ्याचदा नसतात. मजकूर नेहमी विकिपीडियाच्या पानावरूनच घ्यावा.

आता हे एवढे महत्त्वाचे का? तुम्ही-मी ‘शविनेरी’ पाहिले तरी शिवनेरीच वाचतो, कारण आपल्याला ते आधीपासून माहीत आहे. इथे जन्मलेल्या आठ वर्षांच्या मुलीला ते माहीत नाही. तिच्यासाठी छापलेले तेच खरे. वेबवरची चूक ती विसरेल, पण पुस्तकातली चूक गिरवून पाठ करेल. आठवड्यातून दोन तास मराठी शिकणाऱ्या मुलाला आपण एक अक्षरही चुकीचे देणे परवडणारे नाही.

तक्रार दुसरी: दऱ्यांचा दर्या झाला

‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होईल, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण मिळेल. हा अर्धचंद्रासारखा ‘ऱ’ मराठीत जागोजागी लागतो आणि पुष्कळशा टंकांना व प्रोग्रामना तो पचत नाही. कधी लेख लिहिणाऱ्यानेच साधा ‘र’ टाइप केलेला असतो, कधी चिकटवताना मधले अदृश्य जोडचिन्ह गळून पडते. किल्ल्यांच्या पुस्तकात डोंगरदऱ्या तर पानोपानी! उपाय म्हणजे पूर्ण मजकुरात ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधायचे आणि एकेक तपासायचे. ‘सूर्य’ तसाच ठेवा, ‘दर्या’ दिसला की विचार करा. सरसकट बदलायचे बटण दाबलेत तर सूर्यालाही डोळा मारायला लावाल.

त्याच्याच जोडीला ‘श’ आणि ‘ल’. आपण शाळेत मराठी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ शिकलो. हिंदी वळणाचे आकार वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची वळणे ठरवून दिली आहेत. संगणकाच्या लेखी दोन्ही वळणांचे अक्षर एकच असते. कुठला आकार दाखवायचा ते टंकावर आणि मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेवर ठरते. म्हणून वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा ‘मराठी’ ठरवा, आणि मराठी वळण असलेला टंक घ्या. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा टंक खास मराठीसाठी केलेला आहे.

इथे एक छोटी गोम सांगतो, बऱ्याच जणांचा तास यात जातो. टंक बदलला, आकार वाढवला, आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही! या प्रोग्राममध्ये इंग्रजीसाठी एक टंक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी वेगळा टंक ठेवलेला असतो. लिब्रेऑफिसमध्ये त्याला ‘सीटीएल फॉन्ट’ म्हणतात, वर्डमध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’. तुम्ही वरचा बदलत बसता, खालचा तसाच राहतो. आजोबांसाठी अक्षर सोळाचे करायचे असेल तर आकडा त्या दुसऱ्या चौकटीत घाला.

आणि हे फक्त आपले दुखणे नाही बरे का. माओरी भाषेत स्वरावर आडवी रेघ देतात, तिला तोहुतो म्हणतात. ‘वहिने’ म्हणजे एक स्त्री, आणि पहिला स्वर लांबवून ‘वाहिने’ म्हटले की अनेक स्त्रिया. आपल्याला पटकन वहिनीच आठवते! ती रेघ गळली की अनेकींची एक होते. आपल्या पिल्लांना इथल्या शाळेत ती रेघ काळजीने द्यायला शिकवतात. मग घरच्या भाषेच्या वेलांटीला तीच काळजी मिळायला नको का?

तक्रार तिसरी: तक्ता पानाबाहेर गेला

पडदा आडवा असतो, पान उभे. ए-चार कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, त्यातून समास वजा केले की सतराएक सेंटिमीटर उरतात. सात-आठ रकान्यांचा तक्ता त्यात बसत नाही, आणि उजवीकडचे रकाने निमूटपणे कापले जातात. निमूटपणे हे महत्त्वाचे, कारण काय गेले ते पुस्तक वाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही. उपाय म्हणजे नको ते रकाने काढा, तक्ता दोन भागांत तोडा, नाहीतर तेवढे पान आडवे करा. किल्ल्यांच्या लेखातल्या माहितीचौकटीच्या तर मी सरळ चार ओळी केल्या: उंची, जिल्हा, प्रकार, जवळचे गाव. मुलांना तेच आवडले. उंची मात्र सगळीकडे एकाच मापात द्या, एका पानावर फूट आणि दुसऱ्यावर मीटर असे नको. इथली मुले मीटरमध्येच विचार करतात.

कागदाचेही जरा पाहा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली फाइल बहुधा ‘लेटर’ मापाची असते, २१६ बाय २७९ मिलिमीटर. ती आपल्या ए-चारवर काढली की प्रिंटर ती आपल्या अकलेने बसवतो आणि समास बिघडतात. फाइलमध्येच माप बदलून घ्यावे.

तक्रार चौथी: फोटो धुरकट

वेबच्या पानावर दिसणारा फोटो दोन-अडीचशे ठिपके रुंद असतो. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे तो फोटो स्वच्छ छापायचा तर एक इंचसुद्धा रुंद होणार नाही, टपाल तिकिटाएवढा! तो ताणून मोठा केला की रायगड धुक्यात जातो. फोटोवर क्लिक करून मूळ मोठी फाइल विकिमीडिया कॉमन्सवरून घ्यावी. दहा सेंटिमीटर रुंद छापायचा तर साधारण बाराशे ठिपके हवेत. फोटो घेताना छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना तिथेच लिहून ठेवा. शेवटी शोधायला गेलात तर दुप्पट वेळ जातो.

तक्रार पाचवी: दुवे आणि आकडे

‘अधिक माहितीसाठी इथे पाहा.’ कागदावर कुठे पाहणार? निळे-लाल शब्द, चौकटी कंसातले संदर्भांचे आकडे, लांबच लांब पत्ते, ही सगळी पडद्याची सोय आहे. दुव्यांचा रंग काढा. संदर्भ मात्र काढू नका, लेखाच्या शेवटी एकत्र ठेवा, कारण ‘हे कशावरून?’ असे विचारणारे मूल हेच आपल्याला हवे आहे. आम्ही प्रत्येक गडाच्या शेवटी एक क्यूआर कोड दिला. मोबाइलने टिपला की तो लेख उघडतो. मोबाइलचा एवढा उपयोग पुरे.

आणखी एक, मसुदा काढताना मोबाइलवरून छापू नका. तिथे लेखाचे विभाग मिटलेले असू शकतात आणि अर्धा लेख राहून जातो. संगणकावरूनच काढा.

तक्रार सहावी: काल वेगळे होते, आज वेगळे आहे

ही सर्वांत मोठी तक्रार, आणि ती अक्षरांची नसून मजकुराची आहे. विकिपीडियाचा लेख कोणीही बदलू शकतो. तुम्ही सोमवारी वाचलेला लेख गुरुवारी छापायला घेतलात तर तो तोच असेल असे नाही. मधल्या रात्री कोणी उत्साहाने आपल्या गावाचे नाव त्यात घुसडलेले असू शकते. म्हणून लेख तपासला की त्याच दिवसाच्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्या, त्याच आवृत्तीतून मजकूर उचला, आणि ‘अमुक तारखेची आवृत्ती’ असे पुस्तकात छापा. लेखाच्या ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते.

मग तपासायचे कसे? तारखा, नावे आणि आकडे या तिन्हींना पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या विश्वासू पुस्तकाशी ताडून पाहा. शिवरायांच्या जन्माची तारीखच घ्या. जुन्या पुस्तकांत १६२७ साल आढळते, महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० मान्य केलेली आहे. शिवनेरीच्या लेखात एक आणि रायगडाच्या लेखात दुसरे असे एकाच पुस्तकात आले तर मुलांनी काय समजायचे? प्रतापगडाची भेट १० नोव्हेंबर १६५९, रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४, या तारखा सगळ्या पानांवर सारख्याच हव्यात.

आणि जगही बदलते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे छत्तीस झाले. तुमच्या-माझ्या पाठांतरातला आकडा कधीचाच जुना झाला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. इथलेही तेच. न्यूझीलंडची लोकसंख्या २०१८ च्या जनगणनेत ४६,९९,७५५ होती, २०२३ च्या जनगणनेत ४९,९३,९२३. नुसते ‘लोकसंख्या इतकी’ असे छापू नका, ‘अमुक सालच्या जनगणनेनुसार’ असे छापा. साल दिले की वाक्य म्हातारे होते, पण खोटे होत नाही.

तक्रार सातवी: हे छापायला परवानगी आहे का?

आहे, पण अटींवर. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, तसेच वाटा’ या परवान्याखाली मिळतो. २०२३ पासून त्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे. त्याचा अर्थ: छापा, बदला, हवे तर विकासुद्धा, पण लेखकांचे श्रेय द्या, परवान्याचे नाव आणि दुवा द्या, आपण बदल केले असतील तर तसे सांगा, आणि आपला बदललेला मजकूरही त्याच परवान्याखाली मोकळा ठेवा. म्हणजे ‘सर्व हक्क सुरक्षित’ हे आपले लाडके वाक्य अशा पुस्तकावर छापता येत नाही! लेखक तर शेकडो असतात. मँडिबर्ग यांच्या त्या छापील विकिपीडियात नुसत्या लेखकांच्या नावांचे ३६ खंड झाले होते. आपल्याला लेखाच्या इतिहासाचा दुवा देऊन काम भागवता येते.

पण सगळे विश्वकोश सारखे नाहीत. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, म्हणून तो छापायची मुभा मिळाली असे नाही, आधी विचारायचे. आणि आपल्या इथला ‘ते आरा’. हा न्यूझीलंड सरकारच्या संस्कृती व वारसा मंत्रालयाचा विश्वकोश. माओरीत ते आरा म्हणजे वाट. २००५ साली तो थेट वेबवरच सुरू झाला. त्याचा मजकूर घेता येतो, पण व्यापारी उपयोगासाठी नाही, आणि त्यातल्या चित्रांचे हक्क वेगवेगळ्या लोकांचे आहेत. त्यामुळे ‘ते आरा’चे उतारे आणि विकिपीडियाचे उतारे एकाच लेखात कालवता येत नाहीत, कारण एक म्हणतो विकू नका आणि दुसरा म्हणतो तशी अट घालू नका.

हे आम्हाला प्रत्यक्ष लागले. मुलांना एक तेरावे प्रकरण हवे होते, माओरींच्या ‘पा’चे. पा म्हणजे टेकडीवरची तटबंदीची वस्ती. ऑकलंडच्या माउंट ईडनवर, म्हणजे माउंगाफाउवर, किंवा वन ट्री हिलवर गेलात तर उतारावर कोरलेल्या पायऱ्या अजून दिसतात. एका मुलाने विचारले, ‘हापण किल्लाच ना?’ म्हटले, अगदी बरोबर. ते प्रकरण मग कुठूनही न उचलता, वाचून, पाहून, मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले. परवान्याची अडचण सुटली, आणि पुस्तकातले सर्वांत चांगले प्रकरण तेच झाले असे माझे मत आहे.

‘ते आरा’चे उदाहरण आणखी एका कारणाने देतो. वेबवर जन्मलेल्या या विश्वकोशातून पुढे छापील पुस्तके निघाली. २००६ मध्ये माओरी जमातींवर एक, इथे येऊन वसलेल्या लोकांवर दुसरे, आणि २००७ मध्ये भूकंप-ज्वालामुखींसारख्या आपत्तींवर तिसरे. त्यांनी अख्खा कोश छापला नाही. एकेक विषय निवडला आणि त्याचे पुस्तक केले. आपल्यालाही तीच वाट बरी. एक विषय, बारा लेख, साठ-सत्तर पाने.

छपाईचे शेवटचे दोन शब्द. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर मागे कोरी पाने राहतात. ती मुलांना चित्रे काढायला ठेवली तरी चालतील. बांधणीच्या बाजूचा समास जास्त सोडा, नाहीतर ओळींची टोके खाचेत जातात. सगळ्या प्रती काढण्याआधी एक प्रत कागदावर काढून घ्याच, पडद्यावरच्या तपासणीवर विसंबू नका. आणि ती प्रत दोघांना द्या, एक मराठी उत्तम येणारे आजोबा आणि एक नुकते वाचायला शिकलेले मूल. आजोबांना शुद्धलेखन दिसते. मूल जसे छापले आहे तसेच मोठ्याने वाचते, त्यामुळे पळालेली वेलांटी ऐकू येते. या दोघांनी मिळून जेवढे पकडले तेवढे कुठल्याही प्रोग्रामने पकडले नसते.

मंडळी, जाता जाता एक गोष्ट सांगायची आहे. या देशात लोकांसाठी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या प्रती वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा कराव्या लागतात, २००३ चा तसा कायदाच आहे. आयएसबीएन क्रमांकही तेच ग्रंथालय देते, आणि विनामूल्य देते. म्हणजे आपल्या शाळेचे हे छोटेसे पुस्तक या देशाच्या कपाटात कायमचे जाऊन बसणार. पन्नास वर्षांनी कोणी, कदाचित आपलीच पणती, ते काढून पाहील. तेव्हा मराठी बोलणारे तिच्या घरात कोणी असेल की नाही, मला सांगता येत नाही. पण तिने पान उघडले तर तिथे ‘शिवनेरी’ असावे, ‘शविनेरी’ नसावे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

पुढचे पुस्तक संतांवर करावे असा विचार आहे. तपासायला माणसे हवी आहेत. संगणक येण्याची अट नाही, चष्मा आणि पेन्सिल पुरे. शिवाय तपासताना जी चूक सापडेल ती मूळ विकिपीडियावरही दुरुस्त करू, म्हणजे पुण्यातल्या, साताऱ्यातल्या, ड्युनेडिनमधल्या, सगळ्यांच्या कामी येईल. ज्याचे घेतले त्याला थोडे परत द्यावे, ही आपली जुनी रीत आहे.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. अंगणातले किल्ले पावसापासून जपा, आणि मावळे गडावर नीट उभे करा.